जुनी पाकिटं संपेपर्यंत

२ सप्टेंबर, सोमवार

दोन वर्षांनी ही वही उघडली. मागची नोंद दाढदुखीची आहे आणि तिच्या शेवटी 'उद्यापासून रोज लिहीन' असं लिहिलेलं आहे. आज तसं काही कबूल करत नाही.

साहेबांनी सकाळी बोलावलं. आमच्या विमा कंपनीचा बंद विभाग विकायचा ठरलाय. तीस तारखेला सह्या. त्याआधी दायित्वाची नोट मी तयार करायची आणि तिच्यावर सही माझी. "बघा हं, शांतपणे सांगतो," ते म्हणाले. त्यांचं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य असंच सुरू होतं, आणि त्यानंतर जे येतं ते ऐकून मी तरी कधी शांत राहिलेले नाही. "हे एवढं पार पडलं की नव्या योजनांचा विभाग तुमचा." अकरा वर्षं मी अशा विभागात काढली आहेत जिथे नवीन कुणी येत नाही, आहेत ते फक्त कमी होतात. मी नुसतीच मान हलवली.

माझी लेक तिच्या मैत्रिणींना सांगते, "माझी आई माणसं किती दिवस जगतील ते मोजते." अगदीच खोटं नाही. उत्पन्न-आधार योजना: आजाराने किंवा अपघाताने ज्याला काम करता येणार नाही, त्याला मरेपर्यंत दरमहा रक्कम. कंपनीने ती विकणं एकोणीस वर्षांपूर्वी बंद केलं. पण दिलेला शब्द विक्रीबरोबर बंद होत नाही. आजमितीला दोनशे अडुसष्ट माणसं हयात आहेत. त्यांना पुढे जे जे द्यायचंय, त्या सगळ्याची आजची किंमत काढायची. प्रत्येक वर्षी ते जिवंत असण्याची शक्यता किती ते धरायचं, आणि दूरची रक्कम आज लहान करून मांडायची. तो आकडा म्हणजे दायित्व.

दोन वर्षांत तो पुष्कळ खाली आलाय. घेणाऱ्या कंपनीला म्हणूनच रस आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

आज एक गोष्ट सापडली. मी खूश आहे, आणि खूश आहे म्हणून जरा अस्वस्थ आहे.

गेल्या दोन वर्षांत मृत्यू फार वाढले: आधी सत्तेचाळीस, मग एकाहत्तर. त्याआधी वर्षाला नऊ-दहाच्या वर कधी गेले नव्हते. हे नोटमध्ये पटवून द्यायला हवं. म्हणून सगळी यादी मी वय, आजार, गाव-शहर, सगळ्या बाजूंनी विभागून पाहिली. कशातच काही दिसेना. शेवटी सहज म्हणून ज्यांच्या नोंदीत ई-मेल आहे आणि ज्यांच्या नाही, असे दोन ढीग केले. ई-मेल नसलेल्यांचा मृत्युदर आठपट निघाला!

आठपट म्हणजे जरा जास्तच. पण विचार करत गेले तसं पटत गेलं. ई-मेल म्हणजे बहुधा घरात मूल-बाळ, कुणीतरी विचारणारं. नसलेले एकटे. मी नोटमध्ये लिहिलं: 'एकटेपणा हा या गटातील सर्वांत मोठा आजार दिसतो.' साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे ठेवा. काढू नका हं."

टाचणीला दाखवलं. टाचणी म्हणजे आमच्या विभागातला दुसरा आणि शेवटचा माणूस. स्टेपलरवर त्याचा विश्वास नाही, आजही कागद टाचणीनेच जोडतो. मी त्याला काका म्हणते, वहीत मात्र टाचणीच. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, माझ्याकडे पण ई-मेल नाही."

"मग काढा."

"काढतो. मरायचं थोडं लांबवतो."

७ सप्टेंबर, शनिवार

आईची काळजी वाटायला लागली आहे. सकाळी अकराला तिच्या खोलीत गेले तर ती पलंगावर हात मांडीवर ठेवून बसलेली. चष्मा पलंगाखाली पडला होता. गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नाही. नऊ वाजल्यापासून तशीच बसली होती म्हणे.

"अगं मग बेल का नाही वाजवलीस?"

"वाजवली."

"आई, नाही वाजवलीस. मी घरातच होते."

"बरं बाई, नाही वाजवली."

बेल मीच आणून दिली आहे, मागच्या वर्षी. तिच्या उशाशी बटण, माझ्या खोलीत भिंतीला वाजणारी डबी. घरात आता आम्ही दोघीच. लेक जूनमध्ये वसतिगृहात गेली, मी तिच्या वरच्या खोलीत राहायला गेले. तिथे उजेड चांगला येतो, टेबल आहे. तेव्हापासून आईने एकदाही बेल वाजवलेली नाही. आधी वाटायचं, मला त्रास नको म्हणून वाजवत नसेल. आता वाटतं, वाजवली असं तिला वाटतं. हे वाईट. २४ जुलै, ११ ऑगस्ट, आणि आज. तारखा लिहून ठेवते आहे. डॉक्टरांना दाखवायला बऱ्या.

१० सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी आईने विचारलं, "एवढं काय लिहीत असतेस?" मी तिला सोपं करून सांगायला बसले. दहा वर्षांनी कुणाला शंभर द्यायचे असतील तर ते आज एकसष्टच मांडायचे.

"का? दहा वर्षांनी मला शंभराचं औषध लागेल, ते एकसष्टात कोण देणार?"

"तसं नाही. आज एकसष्ट बाजूला ठेवले की दहा वर्षांत त्यांचे शंभर होतात."

"आणि मी तेवढी टिकले नाही तर?"

"तर ते उरतात."

"कुणाला?"

"कंपनीला."

आईने समोरच्या शेंगा सोलायला घेतल्या. मग म्हणाली, "मग कंपनी माझ्या तब्येतीची चौकशी कशाला करील?"

स्मरणशक्ती गेलेलं माणूस असं बोलतं का? डॉक्टरांना हेही सांगायला हवं.

आज साहेब आमच्या खोलीत आले होते. ते कधी येत नाहीत. कपाटाकडे बघत विचारलं, "ती जुनी पाकिटं संपली का हो सगळी?" टाचणी म्हणाला, दोन-तीन हजार असतील. "हस्तांतराआधी निकालात काढा. जागा अडते." साहेबांचं अशा बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष असतं याचं मला बरं वाटलं.

१५ सप्टेंबर, रविवार

लेक दोन दिवसांसाठी आली आहे. तिला तिची खोली दिली आणि मी खाली जुन्या खोलीत झोपले. आज दुपारी डोळा लागत होता तेवढ्यात कानाशीच कर्कश वाजलं. मी धडपडून उठले. कपाटामागच्या प्लगात ती डबी. बेलची डबी.

मी ती वर नेलीच नव्हती.

आईकडे धावले. ती पलंगावर बसलेली, हात बटणावर.

"काय झालं? काय हवंय?"

"काही नाही. बघत होते, येतेस का."

मला रडू आलं. लेक दारात उभी राहून हसत होती. "म्हणजे आजी तीन महिने रिकाम्या खोलीला हाका मारतेय? आणि तू तिच्या तारखा लिहून ठेवल्यास?" आई म्हणाली, "जाऊ दे गं, तिला नको बोलूस. कामात असते." ते जास्त लागलं.

बटण नीट होतं. आईचा हात नीट होता, डोकंही नीट होतं. फक्त मी तिथून निघून गेले होते.

हे वाक्य लिहिल्यावर पेन खाली ठेवलं. मग परत उचललं. आमचं ऑफिस तीन वर्षांपूर्वी हललं.

१६ सप्टेंबर, सोमवार

आठच्या आधी पोचले. कपाट उघडलं. पाकिटांवर छापील पत्ता जुन्या इमारतीचा.

आमच्या माणसांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला जातो. 'मी जिवंत आहे' अशी सही, खाली साक्षीदाराची सही. सोबत परत पाठवायचं, तिकीट न लागणारं, छापील पत्त्याचं पाकीट. ज्यांच्याकडे ई-मेल आहे ते दाखल्याचा फोटो पाठवतात. बाकीचे पाकिटात घालतात. दोन स्मरणपत्रांनंतरही दाखला आला नाही, तर माणूस 'म-२', म्हणजे मृत मानलेला. रक्कम बंद. दाखल्याचा कागद मात्र दरवर्षी आपोआप छापून जातच राहतो. हा नियम विभाग जोरात होता तेव्हाचा आहे. तेव्हा उत्तर आलं नाही की शाखेचा माणूस घरी जाऊन दार ठोठावायचा. शाखा गेल्या, नियम राहिला.

टाचणी आला तेव्हा मी जमिनीवर पाकिटं पसरून बसले होते.

"काका, ही पाकिटं अजून का वापरतो आपण?"

त्याने कपाटातून फाईल काढली, टाचणी सोडवली, कागद माझ्यासमोर धरला. 'पोस्टाने टपाल पुढे पाठवण्याची सोय केलेली असल्याने, जुनी पाकिटं संपेपर्यंत वापरावीत. काटकसर होईल.' खाली माझी सही.

पोस्टाची सोय एका वर्षाची असते. पहिल्या वर्षी नऊ मृत्यू. मग सत्तेचाळीस. मग एकाहत्तर.

दोन वर्षांचे एकशे अठरा. त्यांतल्या एकोणीस जणांचे मृत्यूचे दाखले आमच्याकडे आहेत. नव्याण्णव जणांचे नाहीत. ते मेले हे आम्हाला कुणीही सांगितलेलं नाही. ते आम्ही ठरवलं. एकटेपणाने मेले, हे मी ठरवलं. चांगल्या वाक्यात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन जुन्या इमारतीत गेले. आमच्या मजल्यावर आता गाद्यांचं दुकान आहे. जिथे माझं टेबल होतं तिथे डबल गादी, प्लास्टिकच्या वेष्टणात.

दुकानदार जाडसर, पन्नाशीचा. गिऱ्हाईक समजून म्हणाला, "या, बसून बघा. कंबर दुखते ना? चेहऱ्यावर दिसतंय."

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"आता आलात?"

आतून दोन पोती आणली. पोती नव्हेत, गाद्यांची प्लास्टिकची कव्हरं, तोंडाला सुतळी. "सुरुवातीला पोस्टमनला परत द्यायचो. तो म्हणाला, पत्ता तर इथलाच आहे, मी काय करू. मग साठवायला लागलो."

"टाकून का नाही दिलीत?"

"एक फुटलं होतं, आत बघितलं. म्हातारं माणूस सही करून सांगतंय, मी जिवंत आहे. ते कसं टाकणार कचऱ्यात? हात होईना." मग जरा रागावून म्हणाला, "आणि मी फोन केला होता तुमच्याकडे. एप्रिलमध्ये. दहा ठिकाणी फिरवलं, शेवटी एका साहेबांना जोडून दिलं. ते म्हणाले, बघा हं, शांतपणे सांगतो, तो विभाग आता बंद आहे, ते कागद तुम्ही टाकून द्या. मी म्हटलं, तुम्हीच येऊन टाका."

एवढ्या मोठ्या ऑफिसात कुणाकुणाला फोन लागतात. बंद विभागाचं काय करायचं हे तिथे कुणालाच माहीत नसतं.

त्याने माझ्यासाठी एक पंखा लावला. मी गादीवर बसून पाकिटं फोडायला लागले. एक गिऱ्हाईक जोडपं आलं, माझ्याकडे बघून त्यांना वाटलं मी हिशेबनीस. तसं ते खरंच होतं म्हणा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस टाचणी आणि मी पाकिटं लावतो आहोत. नव्याण्णवांपैकी त्र्याऐंशी जण पोत्यांत सापडले. सह्या या वर्षीच्या, साक्षीदारासकट. दाखले, स्मरणपत्रांची उत्तरं, शिव्यांची पत्रं. एका बाईंनी सोबत फोटो पाठवलाय, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. सोळा जणांचं काहीच नाही.

एक दाखला बाजूला ठेवला आहे. लिफ्टचा कारागीर, वय सहासष्ट, लिफ्टच्या खड्ड्यात पडून कणा गेलेला. सहीखाली रिकाम्या जागेत लिहिलंय: 'अजून आहे.' पुढच्या वर्षीच्या दाखल्यावर: 'अजूनही आहे. पैसे का नाहीत?' स्मरणपत्राच्या उत्तरात: 'आहे म्हटलं ना!'

माझ्या यादीत त्याच्या नावापुढे शून्य आहे. गेली दोन वर्षं.

२२ सप्टेंबर, रविवार

जायला नको होतं. आमच्या कामात माणसं भेटायची नसतात, एकेकाचा विचार केला की आकडा बिघडतो, असं मी नवीन लोकांना शिकवायचे, नवीन लोक येत होते तेव्हा. पण गेले.

तळमजल्यावर राहतो. दाराचा रंग पोपडे धरून उडालेला. बहिणीने दार उघडलं, त्याच्यापेक्षा लहान, पण थकलेली. मी कंपनीचं नाव सांगताच तिने आत बघून आवाज दिला, "दादा, आले बघ तुझे मारेकरी."

तो खाटेवर टेकून बसला होता. हात मात्र अजून कारागिराचे, मोठे. "बसा. मी मेलोय हे मला कुणी कळवलंच नाही. कळवलं असतं तर घरात जरा सुतक पाळलं असतं."

मी माफी मागितली. काय झालं ते सांगितलं. पाकिटांची नोट माझी होती तेही सांगितलं. सांगताना वाटत होतं की हे मी त्याच्यासाठी सांगते आहे की माझं ओझं त्याच्या खाटेवर ठेवते आहे?

"फोन नाही केलात?" मी विचारलं.

बहीणच बोलली. "केला ना. नवीन पॉलिसीसाठी एक दाबा, हप्ता भरण्यासाठी दोन दाबा. आमच्यासाठी काय दाबायचं ते सांगतच नाहीत. मी सगळे आकडे दाबून बघितले. शेवटी त्यांनी मला पॉलिसी विकायला घेतली."

"घेतली असतीस तर तुला तरी मिळाले असते," तो म्हणाला.

दोन वर्षं बहीण दोन घरची धुणीभांडी करते आहे. तिने ते सांगितलं नाही. तिच्या बोटांवरून दिसलं, आणि साडेचारला ती घड्याळाकडे बघून उठली त्यावरून.

निघताना मी वेड्यासारखं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "लिफ्टचं काम करायचात आणि राहता तळमजल्यावर?"

"आतून बघितलीय ना मी लिफ्ट. म्हणूनच." मग दाराकडे बोट करून, "ते दार बघता होय? रंगवायचं होतं. पण म्हटलं, मेलेल्या माणसाला कशाला."

२३ सप्टेंबर, सोमवार

साहेबांना सांगितलं. मनात सगळं क्रमाने लावून गेले होते आणि तसंच बोलले: पाकिटांवर जुना पत्ता राहिला, त्या पत्त्यावर कागद सापडले, त्र्याऐंशी माणसं जिवंत आहेत, चूक माझी आहे, दायित्व जवळजवळ एकतृतीयांशाने वाढेल.

साहेब उठून दार लावून आले.

"बघा हं, शांतपणे. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण क्रम महत्त्वाचा. आधी सह्या होऊ देत. मग ही माणसं घेणाऱ्या कंपनीची. ते त्यांच्या पद्धतीने शोध घेतील."

"त्यांनी त्र्याऐंशी मेलेली धरून किंमत ठरवली आहे, सर."

"किंमत ते ठरवतात. आपण नोट देतो. आणि गाद्यांच्या दुकानात पडलेल्या कागदांना आवक नोंद नाही, तारखेचा शिक्का नाही. उद्या कुणी विचारलं तर तुम्ही काय दाखवणार?" मग आवाज खाली आणून, "ती पाकिटांची नोट तुमच्या सहीची आहे. ती बाहेर यावी असं मला वाटत नाही. तुमच्यासाठी म्हणतोय."

बाहेर आले तेव्हा खरंच वाटत होतं की हा माणूस मला वाचवू पाहतोय. अजूनही वाटतं. म्हणून जास्त अवघड जातंय. शत्रू असता तर भांडले असते.

आणि हेही लिहायला हवं: दारातून बाहेर पडताना मला त्या त्र्याऐंशी जणांआधी नव्या विभागाची खोली आठवली. तिला दोन खिडक्या आहेत.

२५ सप्टेंबर, बुधवार

दोन नोटा तयार केल्या आहेत. एकीत दोनशे अडुसष्ट हयात, दुसरीत तीनशे एक्कावन्न. दोन्ही टंकून, छापून, एकीवर एक ठेवल्या आहेत. दोन्हींची बेरीज बरोबर येते.

आईला विचारलं, "तू काय केलं असतंस?"

"मला कशाला विचारतेस? मी बेल वाजवली असती."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

हे नीट, क्रमाने लिहायचं आहे, कारण उद्या कुणीतरी विचारणार.

महिन्याची रक्कम कुणाला जायची ती यादी शेवटच्या शुक्रवारी पाचला बंद होते. 'म-२' चा 'ह', म्हणजे हयात, करण्याचा अधिकार साहेबांना आणि मला. अट एकच: सहीचा दाखला हाती असावा. आवक नोंद असावी असं नियमात कुठेही नाही. मी नियम तीनदा वाचला. मग आणखी एकदा, कारण मला हवं तेच दिसतंय की काय अशी शंका आली.

साहेब दिवसभर घेणाऱ्या कंपनीच्या लोकांबरोबर बाहेर होते. साडेअकराला मी टाचणीला म्हटलं, "काका, दार उघडंच ठेवा. लपून काही करायचं नाही. आणि तुम्हाला यात राहायचं नसेल तर घरी जा. तुमची दीड वर्षं राहिली आहेत."

त्याने खुर्ची ओढली. "माझ्याकडे ई-मेल नाही मॅडम. मला काढल्याचं पत्र यायला वेळ लागेल."

तो दाखला वाचायचा, मी नोंद उघडायची. नावाआधी आमच्या फॉर्मवर व्यवसाय येतो, तोच तो मोठ्याने वाचत होता.

"विणकर. सही आहे, साक्षीदार आहे."

"हयात."

"परिचारिका."

"हयात."

"छापखान्यातला जुळारी. सही वाकडी आहे, पण आहे."

"हयात."

"क्रेनचालक. शाळेतली शिपाई. पोहणं शिकवणारा."

दोनच्या सुमाराला शेजारच्या विभागातल्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. हे काय चाललंय म्हणून. त्या गेल्या नाहीत. चारला माझा आवाज बसला, तेव्हा त्यांच्यातली एक हळूच 'हयात' म्हणायला लागली.

"लिफ्टचा कारागीर. हा आहे म्हणतो."

"हयात."

चार चाळीसला त्र्याऐंशी झाले. सोळा उरले. त्यांच्याकडे बघत टाचणीने विचारलं, "आणि हे?"

"म-२ काढून 'चौकशी बाकी' करा. कुणीतरी जाऊन दार ठोठावायचं."

मग दुसरी नोट, तीनशे एक्कावन्नची, वरच्या ऑफिसात आणि घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीसांना पाठवली. सोबत पाकिटांच्या नोटची प्रत, माझ्या सहीची. टाचणीने ती दोनदा मागे ओढली. "ही कशाला जोडता? कुणी मागितली नाही." मी म्हटलं, ती नसेल तर बाकीचं कुणाला समजणार नाही. त्याने टाचणी लावून दिली.

जुनी पाकिटं वापरून छपाईचे किती पैसे वाचले तेही मी काढलं होतं. विभागाच्या पाच महिन्यांच्या चहाइतके.

३० सप्टेंबर, सोमवार

सह्या झाल्या नाहीत. पुढे ढकलल्या आहेत, नव्या आकड्यावर बोलणी होतील म्हणतात. मला चौकशी होईपर्यंत सक्तीची रजा. खोलीची किल्ली टाचणीकडे दिली.

वरच्या लोकांसमोर साहेब म्हणाले की यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं, शुक्रवारी ऐकून धक्का बसला. गेल्या सोमवारी मी सांगितलं होतं ते त्यांनी का वगळलं असेल? घाबरले असतील. त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं. माझ्या एका काटकसरीने त्यांनाही गोत्यात आणलं.

जिन्यात टाचणीने विचारलं, "मॅडम, ते दुकान गाद्यांचं आहे हे साहेबांना तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं असेन."

"असाल," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

घरी येऊन वही मागे चाळली. २३ तारखेला मी काय काय बोलले ते लिहिलेलं आहे. त्यात गाद्या नाहीत. पण मी सगळंच थोडंच लिहिते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बेलची डबी वर आणली. आई दिवसातून सात-आठ वेळा वाजवते. बहुतेक वेळा काही नसतं. लेक फोनवर म्हणाली, "वसूल करतेय ती."

अकरा वाजता अनोळखी नंबर. लिफ्टचा कारागीर. माझा नंबर त्या दिवशी बहिणीने लिहून घेतला होता.

"पैसे आले. मागचे पण. बहिणीने एक घर सोडलं आज. दुसरं सोडत नाही म्हणते, तिकडच्या बाई चांगल्या आहेत."

बरं झालं, म्हणाले.

"आता एक सांगा. तुमच्या त्या कागदात मी अजून किती वर्षं आहे?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर ठरलेलं आहे, आम्ही ते पाठच करतो: सरासरी गटाची असते, एका माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही. मी ते सगळं सांगितलं.

"झालं? आता आकडा सांगा."

मी डोळे मिटले. आकडा मला बघावा लागला नाही, शुक्रवारी त्याची नोंद मीच परत उघडली होती. "अकरा. अकराच्या थोडं वर."

मला वाटलं, चुकले. हे सांगायचं नसतं, म्हणूनच आपल्याला शिकवतात. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो फोन बाजूला धरून आत ओरडला, "अगं ए, रंगवाल्याला सांग, छोटा डबा नको. दोन हात मारायचे दाराला!"